शेताचा कोपरा



आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. गटात चौदा जणी आहोत. नऊ जणी ख्रिस्ती मंडळीतल्या आणि पाच जणी शेजारपाजारच्या. माईकसमोर बसायचं काम एकीवर आलं आहे, पण बोलणं चौदा जणींचं आहे. मीटिंगमध्ये बसून काय सांगायचं, काय नाही, हे सगळ्यांनी ठरवलं. म्हणून आज ‘आम्ही’ असंच म्हणणार.

नाताळ तोंडावर आला आहे. घराघरात करंज्या-अनारशांची तयारी सुरू आहे, पोरं तारे करायला कामट्या शोधत फिरताहेत. अशा वेळी आम्हाला गेल्या नाताळातली आमची एक चूक सांगायची आहे.

गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, की या नाताळात गोरगरिबांसाठी काहीतरी करायचं. वर्गणी काढली. मंडळीतल्या लोकांनी हात सैल सोडला. वीस ब्लँकेटं घेतली. थंडी तर तुम्हाला माहीतच आहे, डिसेंबरात पहाटे चूल पेटेपर्यंत हात कामाचे राहत नाहीत. चर्चच्या पटांगणात मांडव टाकला, टेबल मांडलं, माईक लावला. एकेकीचं नाव पुकारायचं, तिनं पुढं यायचं, ब्लँकेट घ्यायचं, फोटो काढायचा. आम्हाला वाटलं, किती छान कार्यक्रम झाला. संध्याकाळपर्यंत फोटो गावभर सगळ्यांच्या मोबाईलवर पोचले होते.

एक आजी मात्र आल्या नाहीत. त्यांचं नाव दोनदा पुकारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जणी ब्लँकेट घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजी ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. ब्लँकेट घेतलं, हात फिरवून पाहिलं, आणि म्हणाल्या, “ऊब चांगली आहे. पण बायांनो, माईकवर माझं नाव कशाला घेतलं? आता सगळ्या गावाला कळलं, की सुनेनं मला पांघरूण दिलं नाही.”

सून आतच होती. ती बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

आम्ही परत निघालो तेव्हा कुणी काही बोललं नाही. आम्ही थंडीवर उपाय करायला गेलो होतो आणि एका घरात सासू-सुनेमध्ये भांडण पेरून आलो होतो. ती सून रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. स्वतः चादरीवर भागवते. तिच्याबद्दल आम्ही गावाला काय सांगून बसलो, याचा विचारही आमच्या मनात आला नव्हता.

आमच्यात रोज पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आहेत, संडे स्कूल घेणाऱ्या आहेत. उजवा हात देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे प्रभू येशूचं सांगणं आम्ही लहान मुलांना पाठ करून घेतो. आणि आम्ही मात्र ते माईकवरून सांगितलं होतं.

नवीन वर्ष लागल्यावर पहिली मीटिंग झाली. त्यात एकीनं रूथची गोष्ट काढली. ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

रूथ ही मवाब देशातली बाई. नवरा वारला. सासूही विधवा. सासूचं सासर बेथलेहेमचं. सासू म्हणाली, तू तुझ्या आईकडे परत जा, पण रूथ तिला सोडून गेली नाही. दोघी बेथलेहेमला आल्या. घरात कर्ता पुरुष नाही, आणि रूथ तर परमुलखातली. दिवस जवाच्या कापणीचे होते. रूथ सासूला म्हणाली, मी जाऊन सरवा वेचते.

सरवा म्हटलं की आपल्याला समजावून सांगायला नको. शेंगा काढून झाल्या की मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला आपण गेलो आहोत. बाजरीची कणसं, कांद्याच्या रानात राहिलेला कांदा, वेचणी संपल्यावर बोंडात अडकलेला कापूस. आमच्यातल्या निम्म्या जणींनी लहानपणी आईबरोबर सरवा वेचला आहे. काही शेतकरी वेचू द्यायचे, काही जण कुत्रं सोडायचे.

तर त्या काळच्या यहुदी लोकांना मोशेच्या नियमशास्त्रानं एक गोष्ट घालून दिली होती. शेत कापताना अगदी कडेपर्यंत कापायचं नाही, कोपरे ठेवायचे. पेंढी रानात विसरली तर ती आणायला माघारी जायचं नाही. जैतुनाचं झाड एकदा झोडपलं की दुसऱ्यांदा झोडपायचं नाही. राहिलेलं असेल ते गरिबाचं, परक्याचं, पोरक्या लेकराचं आणि विधवेचं.

हे पुष्कळदा वाचलं होतं. पण त्या दिवशी, ब्लँकेटाचं ते बोलणं कानात असताना, त्यातली एक गोष्ट आम्हाला पहिल्यांदा दिसली. धान्य कापून, पोत्यात भरून, गरिबाला बोलावून, सगळ्यांसमोर द्यायचं, असं तिथं सांगितलेलं नाही. शेतात राहू द्यायचं. ती बाई येईल, स्वतःच्या हातानं वेचेल, संध्याकाळी झोडपेल आणि आपल्या पदरात बांधून घरी नेईल. घरी गेल्यावर सासूला सांगेल, आज मी एवढं आणलं. कुणी दिलं, असं तिला म्हणावं लागणार नाही.

त्या शेताचा मालक बवाज. त्यानं आणखी एक केलं. आपल्या गड्यांना सांगून ठेवलं, की पेंढ्यांमधून थोडं मुद्दाम सांडत जा, आणि तिला बोलू नका. आता बघा, रूथला ते कळलंही नसेल. तिला वाटलं असेल, आज सरवा बरा मिळाला.

आणि याच रूथचं नाव मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूच्या वंशावळीत येतं. ज्या बेथलेहेमचं नाव आपण नाताळात गाण्यांतून घेतो, त्याच गावच्या रानात एक परकी विधवा सरवा वेचत होती. करंज्या करताना एवढं आठवायला हरकत नाही.

मग आम्ही एकमेकींना विचारलं, आमचं शेत कुठलं? चौदातल्या सहा जणींकडे जमिनीचा तुकडाही नाही. पण गटाची बचत आहे, घरातला पिठाचा डबा आहे, आठवड्यातला एखादा मोकळा दिवस आहे. त्याचा कोपरा ठेवता येईल.

इथं आम्हाला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायची आहे, कारण त्यांचं काम आमच्यापासून फार लांब नाही. केडगावला. नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. दौंडहून रेल्वेनं पुण्याला जाताना स्टेशन लागतं.

रमाबाईंना आपण विदुषी म्हणून ओळखतो. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पण त्याआधीची त्यांची वर्षं फार कमी बाया सांगतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचे. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना दुष्काळी दिवसांत आई-वडील दोघंही गेले. त्यानंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. अन्नावाचून राहणं म्हणजे काय असतं, हे त्यांना पोथीतून कळलेलं नव्हतं.

पुढं लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवरा वारला. १८८३ मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत जाऊन इथल्या विधवांसाठी मदत उभी केली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं विधवा मुली शिकल्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे आधीच्या गोदूबाई, त्या शारदा सदनातच शिकलेल्या.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. रमाबाई तिकडं गेल्या. त्यांच्या पदरी आधीच सदन होतं, खर्च होता. त्या पाहून परत येऊ शकल्या असत्या. पण भुकेनं हिंडणाऱ्या मुली पाहिल्या तेव्हा त्यांना स्वतःचेच दिवस आठवले असणार. त्या मुलींना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात एवढी माणसं एकत्र ठेवणं अवघड झालं. तेव्हा केडगावच्या जमिनीवर त्यांनी मुलींना नेलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि तिथली वस्ती दीड हजाराच्या घरात गेली.

आता आमच्या कामाचा भाग पुढं आहे. दीड हजार बाया-पोरींना नुसतं जेवायला घालायचं म्हटलं तरी केवढं काम. पण रमाबाईंनी त्यांना पंगतीला बसवून ठेवलं नाही. शेती, गाई-गुरं, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, असे उद्योग काढले. बायकांनी खिळे जुळवले आणि पुस्तकं छापली. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं, तेही याच छापखान्यात. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे.

एक गोष्ट लपवायची नाही. रमाबाईंवर टीकाही झाली. मुलींना मदतीच्या नावाखाली ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला आणि १८९३ मध्ये काही पालकांनी शारदा सदनातून आपल्या मुली काढून नेल्या. हा प्रश्न आजही आम्हाला विचारतात. गावात कुणाच्या घरी पिशवी पोचवली की पाठीमागं बोलणं होतं. म्हणून आम्ही गटात एक नियम लिहून ठेवला आहे. मदत देताना धर्माचं बोलायचं नाही, प्रार्थनेला बोलवायचं नाही, पत्रक द्यायचं नाही. आमच्यातल्या ख्रिस्ती बायांना हा नियम जड गेला नाही. प्रभू येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला उचलतो, तेव्हा तो त्याला कोण, कुठला, कुणाचा, काहीच विचारत नाही. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, त्या मालकाला पैसे देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन असं सांगतो. हिशेब ठेवून जातो आणि परत येण्याचं कबूल करतो. आम्हा गटाच्या बायांना तो माणूस फार जवळचा वाटतो.

आता आमच्या कोपऱ्याचं सांगतो. जानेवारीपासून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या.

पहिली म्हणजे मूठ. रोज स्वयंपाकाला पीठ किंवा तांदूळ काढताना त्यातून आधी एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकायची. ही काही आमची कल्पना नाही. मिझोरामच्या मंडळीतल्या बाया १९१० पासून हे करतात. भात शिजवायला घेतला की आधी एक मूठ तांदूळ बाजूला. ते गोळा होतात, विकले जातात, आणि त्यातून मंडळीचं मोठमोठं काम उभं राहिलं आहे. श्रीमंत बायांच्या देणगीतून नव्हे, रोजच्या चुलीपुढच्या मुठीतून. आपल्याकडंही जुन्या बाया मूठ काढायच्याच. आम्ही ती पुन्हा सुरू केली.

दुसरी म्हणजे वीस रुपये. दर महिन्याच्या बचतीबरोबर प्रत्येकीनं वीस रुपये जास्तीचे द्यायचे. चौदा जणींचे महिन्याला दोनशे ऐंशी. वहीत त्याला वेगळं पान केलं आणि वर लिहिलं, ‘कोपरा’. हे पैसे कर्जाला वापरायचे नाहीत.

कोपरा ठेवला आणि पहिल्याच महिन्यात परीक्षा आली.

आमच्या एका मैत्रिणीनं, तिचं नाव सांगत नाही, जुलैत गटातून पंधरा हजार रुपये घेतले होते. दोन शेळ्या घेण्यासाठी. शेकडा एक रुपया व्याज, बाराशे पन्नासाचा हप्ता. दोन हप्ते वेळेवर आले. मग तिचा नवरा गवंडीकामावर परांचीवरून पडला. पायात सळई घालावी लागली. शेळ्या दवाखान्यासाठी विकल्या. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तीन हप्ते नाहीत. मीटिंगला यायचीही बंद झाली.

गटाच्या नियमानं तिला दंड लागत होता आणि पुढं नावही काढावं लागलं असतं. पंचसूत्री आपण सगळ्या जाणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट हिशेब. एक धागा सुटला की सगळा गट उसवतो. असे गट आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

त्या मीटिंगला दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, आपण ख्रिस्ती म्हणवतो, मग तिचं कर्ज माफ करू या. आमच्या खजिनदार बाई ख्रिस्ती नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमच्याच नाताळच्या कार्यक्रमात ती दोन टोल्यांची गोष्ट ऐकली. मंदिरात श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, आणि त्या विधवेनं होतं नव्हतं ते सगळं टाकलं. हे बारा हजार पाचशे कुणाचे आहेत? यात आपल्या धुणंभांडी करणाऱ्या मैत्रिणीची बचत आहे. ती आज घरी आहे, तिला न विचारता तिचे पैसे माफ करणारे आपण कोण?”

सगळ्या गप्प झाल्या. कारण बोलणं खरं होतं. दुसऱ्याच्या खिशातून दया करणं सोपं असतं.

शेवटी दोघी जणी त्या मैत्रिणीच्या घरी गेल्या आणि तिलाच विचारलं. तिचं उत्तर आम्ही विसरणार नाही. ती म्हणाली, “माफ करू नका. माफ केलं तर मला परत मीटिंगला तोंड दाखवता येणार नाही. मला वेळ द्या.”

मग असं ठरलं. राहिलेले तीन महिने आणि पुढचे तीन, असे सहा महिने हप्ता थांबवायचा. दंड नाही. सहा महिन्यांचं व्याज साडेसातशे रुपये होतं, ते जमेल तसं मार्चपर्यंत कोपऱ्याच्या पानातून भरायचं. एप्रिलपासून तिनं बाराशे पन्नासाऐवजी पाचशेचा हप्ता द्यायचा. मुठीचं धान्य दर पंधरा दिवसांनी तिच्या घरी, रात्री दिवे लागल्यावर. पोचवायला दोघीच, आणि वहीत नाव नाही, नुसते किलो.

एप्रिलपासून आजपर्यंत नऊ हप्ते आले आहेत. साडेचार हजार रुपये. आठ हजार अजून बाकी आहेत. नवरा आता काठी घेऊन चालतो, पण परांचीवर चढता येत नाही. सगळं सुरळीत झालं, असं आम्ही सांगणार नाही. पण ती दर मीटिंगला येते, आणि आपला हप्ता स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवते.

चुकलेलंही सांगतो. एका घरी आम्ही दोन महिने धान्य पोचवलं. नंतर कळलं, की घरधनी ते दुकानात देऊन दारू पितो. आम्ही चिडलो, बंदच करू या म्हणालो. मग लक्षात आलं, की त्या बाईला काय हवं आहे, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “धान्य नको. माझी शिलाई मशीन दोन वर्षं बंद पडली आहे, ती चालू करून द्या.” मशीनचा पट्टा बदलला, बॉबिन केस नवी घातली, तेलपाणी केलं. साडेतीनशे रुपये लागले. ती मशीन आता आमच्यातल्या एकीच्या ओसरीवर असते, म्हणजे ती विकली जाणार नाही. ती बाई दुपारी तिथं येऊन ब्लाउज शिवते, आणि तिचा पैसा तिच्या हातात पडतो.

हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं. देणाऱ्याला नेहमी वाटतं, की समोरच्याला काय लागतं ते आपल्याला कळतं.

आणखी एक कोपरा आहे, त्याला पैसा फार लागत नाही. तो म्हणजे आपला एक दिवस. गावात कितीतरी विधवा बाया आहेत ज्यांना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळू शकतं, पासष्टच्या वरच्या निराधार म्हाताऱ्या माणसांना श्रावणबाळ योजनेचं. पण उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, या कागदांच्या फेऱ्यांना त्या घाबरतात. एका फेरीत मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं जातं. कागदावर एका अक्षराची चूक असली तर पुन्हा फेरी. आमच्यात बी. ए. झालेली एक आणि बारावी झालेल्या दोघी आहेत. महिन्यातला एक दिवस आम्ही ठरवला आहे. त्या दिवशी कुणाचे तरी कागद घेऊन तालुक्याला जायचं. ती बाई बरोबर असते, बोलते तीच, आम्ही फक्त शेजारी उभ्या राहतो.

त्या ब्लँकेटवाल्या आजींचे कागद आम्ही असेच केले. चार फेऱ्या झाल्या. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्या खात्यात पहिले पैसे जमा झाले. सूनच त्यांना बँकेत घेऊन गेली.

मागच्या महिन्यात आमची मीटिंग चालू होती. आजी काठी टेकत आल्या. पदराला गाठ बांधलेली होती. ती सोडली आणि त्यातली बाजरी आमच्या डब्यात ओतली. ओंजळभर असेल. आमच्यातली एक पटकन म्हणाली, “अहो आजी, तुम्ही कशाला?” आजी म्हणाल्या, “का? माझ्या घरात चूल पेटत नाही होय?”

आम्ही डब्याचं झाकण लावलं. तिला म्हटलं, आजींना आधी बसायला पोतं दे आणि चहा टाक.

ब्लँकेट देताना आम्हाला जे कळलं नव्हतं, ते आजींनी त्या ओंजळीतून सांगितलं. त्यांना आमच्याकडून घ्यायला लाज नव्हती. नुसतं घेतच राहायची लाज होती.

मैत्रिणींनो, तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, आमच्याकडून काही घेण्यासारखं असेल तर एवढंच घ्या. गटाच्या वहीत एक पान वेगळं करा. त्यात दहा रुपये टाका, पाच टाका, पण दर महिन्याला टाका. स्वयंपाकघरात मुठीचा डबा ठेवा. डबा कुठं जातो हे दोघींनाच माहीत असू द्या, पण किती जातो याचा हिशेब सगळ्यांसमोर मांडा. ज्या घरी मदत जाते त्या घराला आधी विचारा. फोटो काढू नका. आणि त्या घरातली बाई उद्या काही घेऊन आली, तर ती ओंजळ नाकारू नका.

आम्ही ख्रिस्ती बायांनी आमच्या बहिणींना मात्र एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. भुकेल्याला दिलेलं, उघड्याला नेसवलेलं, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं, हे सगळं आपल्यालाच केलं, असं प्रभू येशूनं म्हटलं आहे. मग त्या पटांगणात आम्ही माईकवरून ज्याचं नाव पुकारलं आणि ज्याला सगळ्यांसमोर हात पुढं करायला लावला, तो कोण होता, याचा विचार करू या. हा विचार आम्हाला वर्षभर टोचत राहिला, आणि टोचत राहिला हे बरं झालं.

या नाताळात आमच्या पटांगणात मांडव असेल, तारा असेल, गाणी असतील, चहा आणि करंज्याही असतील. टेबल नसेल. माईक फक्त गाण्याला. ब्लँकेटं यंदाही घेतली आहेत, अकरा. ती कुठं जायची ते दोघींना ठाऊक आहे.

 तुमच्या गटात असा काही कोपरा आधीपासून असेल, तर आपल्या केंद्रावर येऊन सांगा. आम्हालाही शिकायचं आहे. सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. नमस्कार.